झाडणे, पुसणे, निस्तरणे

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या घरातील क्रियापदे बदलतात. एरवी 'आण', 'वाढ', 'बस', 'जेव' यांच्यावर संसार भागतो. आश्विनाचा वद्य पक्ष लागला की 'झाड', 'पूस', 'घास', 'विसळ', 'उचल', 'आवर' या आज्ञा माळ्यापासून मागच्या पडवीपर्यंत घुमू लागतात. त्यात आमचे वरोर पडले समुद्रकाठी. पावसाळ्याचे चार महिने खारा वारा दारा-खिडक्यांशी जे काही करून ठेवतो, ते सारे दिवाळीच्या तोंडावर उजेडात येते. गजांना गंज, कपाटाच्या पाठीला बुरशी, आणि घर कितीही झाडा, कोपऱ्यात चिमूटभर वाळू ही ठरलेलीच.

इंग्रजी शिकविण्यात माझी हयात गेली. त्यामुळे या आज्ञा कानांवर पडू लागल्या की मनाला एक खोड लागते. हे इंग्रजीत कसे म्हणतील? आणि तिथे एक गंमत दिसते. इंग्रज माणूस नुसते 'क्लीन' म्हणून क्वचितच थांबतो. त्याच्या प्रत्येक साफसफाईच्या शेपटाला एक इवलासा शब्द चिकटलेला असतो. 'क्लीन अप', 'क्लीन आऊट', 'वाइप ऑफ', 'वॉश अवे', 'मॉप अप'. हे शेपूट जरा हलले की अर्थ हलतो. 'वॉश अप' म्हटले तर विलायतेतला पाहुणा उठून भांडी विसळायला जाईल आणि अमेरिकेतला हात-तोंड धुऊन जेवायला येईल. एकाच घरी दोघेही उतरले तर यजमानीणबाईने काय ते समजून घ्यावे!

मुलांना ही शेपटे शिकविणे म्हणजे मोठे जिकिरीचे काम. एका मुलाने मला विचारले होते, "सर, केर तर खाली पडलेला असतो. मग 'क्लीन अप' का? 'क्लीन डाऊन' का नाही?" प्रश्न चांगला होता. त्यातला 'अप' थोडासा खरोखरीच वर जाणारा आहे. खाली पडलेले उचलायचे, म्हणजे वरच आणायचे. पण बराचसा 'अप' वर-खाली कुठेच जात नाही. तो फक्त सांगतो की काम पुरे झाले, मागे काही उरले नाही. 'ईट अप' म्हणजे पानातले सगळे संपव, 'ड्रिंक अप' म्हणजे पेला रिकामा कर. इंग्रजांचे घर जळते तेव्हा 'बर्न अप' होते आणि 'बर्न डाऊन'ही होते. दोन्हींकडे उरते राखच.

हे सांगता सांगता माझे लक्ष आपल्या भाषेकडे गेले. ही पुरेपणाची खूण मराठीत आहे की नाही? आहे, आणि इंग्रजीहून कितीतरी श्रीमंत आहे. आपण ती दिशेच्या शब्दाने दाखवीत नाही, दुसऱ्या क्रियापदाने दाखवितो. ओटा एकच, फडके एकच. पण 'ओटा पुसून घे', 'पुसून टाक', 'पुसून काढ', 'पुसून ठेव' आणि 'पुसून दे' या पाच आज्ञा पाच निरनिराळ्या माणसांना, निरनिराळ्या वेळी दिलेल्या असतात. 'पुसून घे' म्हणजे तुझे तुला काम करायचे आहे, त्याआधी आपली जागा स्वच्छ कर. 'पुसून टाक' म्हणजे नकोसे आहे ते एकदाचे नाहीसे कर. 'पुसून काढ' यात घाम आहे. डाग जुना आहे, जोर लागणार. 'पुसून ठेव' म्हणताना उद्याची, येणाऱ्या पाहुण्यांची आठवण असते. आणि 'पुसून दे' म्हटले की काम एकाचे आणि करणारा दुसरा, हे बोलण्यातच कबूल केलेले असते. इंग्रजीच्या 'अप'ला काम पुरे झाले एवढेच कळते. मराठीच्या घे-दे-टाकला काम कोणासाठी झाले तेही कळते. स्वभाषेच्या कौतुकात वाहून जाण्याचा माझा धंदा नव्हे, उलट तीस वर्षे परभाषेचे कौतुक करून मी पोट भरले. पण येथे मात्र आपल्या आयाबायांच्या व्याकरणाला मी मनापासून नमस्कार करतो.

आता हा 'क्लीन अप' मराठीत नाम होऊन आला आहे. 'बीच क्लीन-अप' असे फलक आमच्या किनाऱ्यांवर लागतात आणि सुरूच्या बनाजवळ शाळेची मुले हातमोजे घालून उतरतात. या उपक्रमाचा इतिहास फार जुना नाही. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर लोक जमले आणि सापडेल तो कचरा त्यांनी उचलला, शिवाय मोजून लिहून ठेवला. त्यातून सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करण्याची प्रथा पडली. आपल्याकडे अफरोज शाह नावाच्या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर काम सुरू केले आणि आठवड्यामागून आठवडे ते चालविले. अशा कामाची थट्टा करणारा मी नव्हे. वाकून उचललेली एक पिशवी शंभर व्याख्यानांपेक्षा जड असते. माझी कुरकूर आहे ती त्या दोन शब्दांविषयी. 'क्लीन अप' म्हटले की काम कसे झाले ते कळते, पुरते झाले. ते कोणी करून ठेवलेले होते, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.

साफसफाईचे शब्द दिसतात तेवढे निरागस नसतात. इंग्रजीत भरघोस कमाई केली की 'क्लीन अप' केले म्हणतात, आणि पत्त्यांत सारे गमावून बसलेला 'क्लीन्ड आऊट' होतो. आपलेही तसेच. कोणी तिजोरीवर हात साफ करतो, कोणी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीनपानी खेळणारे काही सद्गृहस्थ पहाटे धुऊन निघतात, तेही अभ्यंगाच्या आधी.

याहून खोल अशी एक गोष्ट आहे. 'झाडणे' या क्रियापदाचे कर्म दोन प्रकारचे असू शकते. आपण 'घर झाडले' म्हणतो आणि 'केर झाडला' असेही म्हणतो. 'ओटा पुसला' आणि 'डाग पुसला'. इंग्रजीतही खोली 'क्लीन अप' करतात नि खोलीतला पसाराही. म्हणजे जे जपायचे ते आणि जे घालवायचे ते, दोन्ही एकाच क्रियापदापुढे उभी राहतात. घर कोणते आणि केर कोणता, हे क्रियापद सांगत नाही. ते झाडू धरणाऱ्याने, किंवा त्याला हुकूम देणाऱ्याने, आधीच ठरविलेले असते. मेरी डग्लस या विदुषीने १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घाण म्हणजे अस्थानी पडलेली वस्तू, या विचाराचा मोठा विस्तार केला. आपल्याला तो पटायला ग्रंथ लागत नाही. रस्त्यावर पडलेले शेण घाण असते. तेच कालवून अंगणात फिरविले की सारवण होते आणि त्यावर रांगोळी निघते. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास आमच्या गावाला घाण वाटत नाही, तो हंगामाचा वास आहे. तोच वास आगगाडीच्या डब्यात चढला की शेजारचा उतारू नाकाला रुमाल लावतो. वस्तूंच्या बाबतीत हे चालून जाते. शहराची 'सफाई' करायची असे कोणी म्हणतो आणि त्या क्रियापदाचे कर्म म्हणून झोपड्या, फेरीवाले, माणसे येऊन बसतात, तेव्हा अंगावर काटा यावा. शब्द तोच राहतो. आणि तो इतका सोवळा आहे की त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

मग मला इंग्रजीतल्याच एका तिसऱ्या शब्दाचा आधार वाटू लागला. 'क्लीन अप'च्या पुढे कधी कधी 'आफ्टर' येतो. 'क्लीन अप आफ्टर समबडी'. कोणाच्या तरी मागून आवरीत जाणे. हा 'आफ्टर' आला की पुढे एक नाव घालावेच लागते. मुलाच्या मागून, नवऱ्याच्या मागून, पाहुण्यांच्या मागून, मिरवणुकीच्या मागून. या वाक्प्रयोगाला मराठीत काय म्हणावे, याचा मी पुष्कळ दिवस शोध घेत होतो. 'मागून साफ करणे' हे भाषांतर झाले; त्यात जीव नाही. शब्द सापडला तो घरातच. धाकट्याने शाईची दौत सांडली की त्याची आजी म्हणे, "आता कोण निस्तरणार हे?"

निस्तरणे! काय विलक्षण शब्द आहे. मुळात तो संस्कृतातला, 'तरून पलीकडे जाणे' या अर्थाचा. त्याचाच भाऊ 'निस्तार', उद्धाराच्या परिवारातला. नदी तरायची, संकट तरायचे, शेवटी हा सारा भवसागर तरायचा. मोक्षाच्या घाटावर वावरणारा हा शब्द मराठी बायकांनी हाताला धरून घरात आणला, आणि त्याला बाळाचे लंगोट, ताकाची सांडलवंड, दिराने करून ठेवलेले कर्ज, मुलाने शेजारी केलेले भांडण अशी कामे लावली. त्यांना त्यात काही उणे वाटले नसावे. पसारा हाही एक प्रवाहच; कोणी तरी कंबरभर पाण्यात उतरल्याशिवाय तो पार होत नाही. शिवाय निस्तरणे म्हटले की कोणाचे, हा प्रश्न आपोआप येतो. 'तुझे तू निस्तर' हे आपल्या घराघरातले नीतिशास्त्र आहे.

पण ते पुरते का? 'ज्याचे त्याने निस्तरावे' हा नियम न्यायाचा दिसतो. तो काटेकोर पाळला तर पहिल्याच दिवशी जग बंद पडेल. जन्मलेले मूल स्वतःचे निस्तरू शकत नाही आणि मरणाऱ्या माणसालाही ते जमत नाही. माझी आई शेवटचे सात महिने अंथरुणावर होती. तिचे सारे अंथरुणातच. पत्नीने आणि मी पाळ्या लावून घेतल्या होत्या. कपडे बदलू लागलो की आई डोळे मिटून घेई, आणि काम आटोपले की हात जोडी. मुलाने आईला कधी हात जोडायला लावू नयेत. मी ते सोडवीत असे, ती पुन्हा जोडी. सहा मुलांचे गू-मूत तिने काढले होते, सासऱ्यांचे तीन वर्षांचे दुखणे काढले होते. मराठीत दुखणेही 'काढावे' लागते, हे त्या दिवसांत मला प्रथम नीट ऐकू आले. तिने काढले त्याचे ऋण कोणी मानले नव्हते, ते तिचे कामच समजले गेले. तिचे काढले जात होते तेव्हा मात्र ती संकोचाने अर्धी होई, आणि मुलगा आईचे काढतो म्हणून येणारे-जाणारे माझी स्तुती करीत. पत्नीही तेच काम करीत होती. तिची स्तुती केल्याचे मला आठवत नाही.

प्रेमाच्या माणसामागून निस्तरण्यात कमीपणा नाही, हे सगळेच मान्य करतील. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आपण होऊन केलेले निस्तरणे आणि जन्माने कपाळी लिहिलेले निस्तरणे, ही दोन कामे बाहेरून अगदी सारखी दिसतात. बादली तीच, खराटा तोच. मग फरक कुठे आहे?

याचा शोध तुरुंगात लागला, तोही आपल्या कोकणात. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मागणी केली ती सवलतीची नव्हती. आपल्याला तुरुंगातील भंगीकाम द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते नाकारले गेले, कारण त्यांची जात त्या कामाची नव्हती. सरकारी तुरुंग, चोरी-दरोड्याचे नि सत्याग्रहाचे कैदी एकाच कुंपणात. पण मैला कोणी उचलायचा ते बाहेरच्या गावाने ठरविले होते आणि सरकारने ते नियमात बसविले होते. अप्पांनी अन्नत्याग केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबरात उपवास आरंभिला, तेव्हा सरकार हलले. बाहेर आल्यावरही अप्पांनी हा विषय सोडला नाही; पुढे १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम उभारून मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग त्यांनी केले. उपदेश करून थांबणाऱ्यांपैकी ते नव्हते. मैला हाताने उचलावाच लागू नये अशी रचना शोधीत राहिले.

आणि हे महत्त्वाचे आहे. कारण कामाची नुसती थोरवी गाण्यात मोठा धोका असतो. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या थोरवीवर कठोर टीका केली. ज्यांच्यावर हे काम जन्माने लादले आहे त्यांनाच ते उदात्त असल्याचे सांगणे म्हणजे क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा रोख होता. मला वाटते, अप्पांची मागणी आणि बाबासाहेबांची टीका एकमेकांना छेदीत नाहीत. एकाने आपल्या जातीला जे काम बंद होते ते हक्काने मागितले. दुसऱ्याने आपल्या लोकांवर जे बंधनाने लादले होते ते हक्काने नाकारले. दोघांनी धक्का दिला तो त्याच एका नियमाला. त्या नियमाचे आयुष्य केवढे चिवट! हाताने मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला, तरी गटारात उतरून माणसे मरत राहिली. आणि तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे काही राज्यांच्या नियमावल्यांतील नियम घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचाही आदेश त्यात आहे. अप्पांच्या उपवासापासून मोजले तर ब्याण्णव वर्षे झाली.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहतो. ती लक्ष्मी. ती हातात धरणाऱ्याला आपण कुठे उभे केले, याचा हिशेब वेगळा.

घरापुरते बोलायचे तर हे शब्द हळूहळू सुधारत आहेत. आमच्या घरात नातू आपले ताट आपण विसळतो, आणि त्याचे विशेष कोणी करीत नाही, हे त्याहून बरे. पण निस्तरण्याची खरी वांधेवाडी आता घराबाहेर आहे. आमच्या दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत. तेथल्या सांडपाण्याने खाड्या आणि समुद्र बिघडतो, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई बसविली. बिघडविणाऱ्यानेच भरून द्यावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या कायद्याचा भाग मानले होते. प्लास्टिकविषयीचे २०१६ चे नियमही वेष्टन बाजारात आणणाऱ्यावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकतात. आजीचे 'तुझे तू निस्तर' कायद्याच्या भाषेत यायला एवढी वर्षे लागली. तरीही येथे एक फरक आहेच. भरपाई ही 'भरून टाकता' येते. रक्कम भरली, पावती घेतली, संपले. पाणी तसे निस्तरत नाही. त्यासाठी कोणाला तरी त्यात उतरावे लागते, आणि उतरणारा बहुधा पावती घेणारा नसतो.

पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि होड्या पुन्हा पाण्यात जातात. डोलीच्या जाळ्यात बोंबील-करंदीबरोबर पिशव्या, दोरांचे तुकडे, शेवेची नि शांपूची वेष्टने भरून येतात. किनाऱ्यावर बायका बसतात आणि मासळीतून हे एकेक सोडवून बाजूला टाकतात. मासळी निवडायच्या वेळातला बराचसा वेळ त्यातच जातो; त्या वेळाचा भाव कोणत्याही लिलावात लागत नाही. काय चालले आहे म्हणून विचारले तर त्या म्हणतील, "जाळे साफ करतो." इंग्रजीत सांगायचे तर 'क्लीन अप' चालेल. 'आफ्टर'च्या पुढचे नाव वेष्टनावर छापलेले असते, खाऱ्या पाण्याने अर्धे पुसलेले, पण वाचता येण्याजोगे.